विरोधात हात वर करणारा माणूस

बर्फाच्या चरात नाक खुपसून बसलेला ट्रक, आणि त्याच्या चाकाला लाथा घालणारा एक उंच माणूस! गुरुवारी सकाळी टेकडीच्या वळणावर हे दिसलं आणि मॅरेनला हसू आवरेना. फेब्रुवारीत ईस्ट ऑर्मंडच्या रस्त्यांवर रोज कोणी ना कोणी चरात जातंच, त्यात नवल नाही. पण लाथा घातल्यानं गाडी वर येते, हा शोध नवीनच होता.

तिनं व्हॅन थांबवून काच खाली केली.

"फार लागतंय का हो त्याला?"

"कोणाला?"

"चाकाला."

तो वळला. लोकरी टोपीखाली लालबुंद नाक, भुवयांवर बर्फाचा चुरा, आणि डोळे... मॅरेननं घाईघाईनं आरशात पाहिलं, मागून कोणी येतंय का म्हणून. मैलभर कोणी नव्हतं.

"चाकाला काही नाही," तो म्हणाला. "माझा अंगठा मात्र कामातून गेला. इथे फोन लागत नाही का?"

"इथे हाक मारली तरी लागत नाही. बसा आत. पण आधी मी उलट्या बाजूला जाणार, घरोघरी जेवण पोचवायचंय. डबे मांडीवर धरावे लागतील."

"गरम आहेत?"

"कढत."

"मग द्या की लवकर!"

त्याचं नाव लायल गोव. काकाचं मेपलच्या झाडांचं रान आणि त्यांचा रस आटवून पाक करायची भट्टी सांभाळायला तो पानगळीत गावी परतला होता, एवढं मॅरेनच्या कानावर आलं होतं. माणूस असा आहे, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. गावातल्या बायका नको ते सगळं सांगतात, आणि कामाचं नेमकं विसरतात.

व्हॅन विरंगुळा केंद्राची होती. केंद्र चालवायची मॅरेन. जुन्या लोणी कारखान्याच्या इमारतीत म्हाताऱ्यांसाठी दुपारचं जेवण, पत्त्यांचे डाव, पाय तपासायला येणारी नर्स. आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे ही व्हॅन. पहिलं घर ह्यूबर्टचं. जन्मभर गाई राखलेला, आता एकटा राहणारा म्हातारा. मॅरेननं दाराकडे न बघता आधी छपराकडे बघितलं.

"धूर आहे," ती म्हणाली आणि तिचे खांदे सैल झाले.

"नसता तर?"

"तर डबा इथेच टाकून आत पळाले असते. गेल्या हिवाळ्यात पळाले होते. खुबा मोडून रात्रभर स्वयंपाकघरात पडला होता बिचारा, चूल विझलेली."

 पुढच्या घराशी पोचण्याआधीच लायलची नजर छपराकडे गेलेली तिनं पाहिली.

ह्यूबर्टनं मात्र दारातच तोफ डागली होती. "काय गं, नवा पोरगा आणलास? जुन्याचं काय झालं?"

"जुना कोण होता?"

"तेच तर! जुना कोणी नव्हताच. म्हणून म्हटलं, या नव्याला नीट बघून घ्यावं." आणि त्यानं खरंच लायलला टोपीपासून बुटांपर्यंत बघून घेतलं. लायल हसला. मॅरेनचे कान तापले, आणि थंडीत कान तापणं काही वाईट नसतं.

पुढच्या गुरुवारी तो त्याच वळणावर उभा. ट्रक शेजारीच, चांगला धडधाकट.

"आज काय झालं त्याला?"

"काही नाही. डबे धरायला माणूस लागत असेल... म्हटलं."

"डबे ठेवायला खोकं आहे माझ्याकडे."

"खोकं गप्पा मारतं?"

"तुमच्यापेक्षा शहाणपणाच्या," मॅरेन म्हणाली, आणि खोकं मागच्या सीटवर टाकून तिनं त्याच्यासाठी दार उघडलं.

मग काय! दर गुरुवारी लायल. जेवण वाटून झालं की तो केंद्रात यायचा, बर्निसबरोबर पत्ते खेळायचा आणि हरायचा. बर्निस टॅट्रो म्हणजे केंद्राच्या स्वयंपाकघराची राणी. वय चौऱ्याऐंशी, जीभ चोवीसची. "पोरगा पत्त्यांत कच्चा आहे," ती मॅरेनच्या कानात म्हणाली, "पण तुझ्याकडे बघता बघता खेळणारा माणूस हरायचाच." तोवर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा व्हॅनमधून उतरताना लायलनं हातमोजा काढला आणि तिच्या कॉलरवरचा बर्फ बोटांनी अलगद झटकला. बर्फ मूठभरही नव्हता. झटकायला मात्र त्यानं बराच वेळ घेतला — आणि तिनंही तो घेऊ दिला.

फेब्रुवारीचा शेवटचा गुरुवार.  वळणापुढच्या चढावर लायल म्हणाला, "मॅरेन, उद्या ग्रामसभेचं छापील पुस्तक घरोघर येईल. त्यात माझं नाव दिसेल तुला. त्याआधी माझ्या तोंडून ऐक."

"कसलं नाव?"

"मी खर्च समितीवर आहे. जानेवारीत एक जागा रिकामी झाली, समितीच्या प्रमुख मिसेस फेननी मला ओढलं. आणि समितीनं... विरंगुळा केंद्राला पैसे देऊ नयेत अशी शिफारस केली आहे. पाचही जणांनी."

"पाच म्हणजे तू धरून?"

"मी धरून."

मॅरेननं व्हॅन कडेला घेतली. इंजिन चालू, वायपर इकडून तिकडे. ग्रामसभा मंगळवारी. गावानं एकवीस हजार डॉलर दिले तर राज्याचे पैसे मिळतात. नाही दिले तर तेही नाहीत. मग जुलैत चूल बंद, व्हॅन बंद, दाराला कुलूप. ह्यूबर्टच्या मुलीनं तर बॉस्टनहून कळवूनच टाकलं होतं, व्हॅन बंद झाली की त्याला तिकडच्या वृद्धाश्रमात नेणार. हे सगळं लायलला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं, त्याच्या मांडीवर डबे असताना!

"जानेवारीत मला वाटलं होतं, पत्ते कुटायची जागा आहे," तो म्हणाला. "कर वाढतोय, तीन शेतं विकली गेली यंदा. पाचही जणांनी एकमेकांना शब्द दिला, सभेत कोणी फुटायचं नाही."

"आणि आता काय वाटतं?"

"आता वाटतं चुकलो. पण शब्द दिलाय गं. मी मिसेस फेनना दोनदा भेटलो, म्हटलं मला मोकळा करा. त्या नाही म्हणाल्या."

"मग मंगळवारी तुझा हात विरोधात वर जाणार."

तो मांडीवरचे डबे नीट लावत राहिला.

"उतरा," मॅरेन म्हणाली.

"मॅरेन..."

"डबे ठेवा सीटवर आणि उतरा. शब्द पाळणाऱ्या माणसाला दोन मैल चालायला काही होत नाही."

'तुम्ही' परत आलं होतं. दार लागल्याचा आवाज झाला. आरशात तो लहान लहान होत गेला, आणि मॅरेननं दात घट्ट आवळून पुढच्या घराचं छप्पर शोधलं. रडायला वेळ कोणाला होता? धूर बघायचा होता.

त्या चार दिवसांत तिनं गाव पालथं घातलं. गोठ्यांत गेली, दुकानात गेली, चर्चच्या पायऱ्यांवर लोकांना गाठलं. "मंगळवारी या. बसून राहा. हात वर करा." रात्री उशीत तोंड खुपसलं की कॉलरवरची ती बोटं आठवायची, आणि तिला त्याचा इतका राग यायचा की झोपच लागायची नाही. राग होता का तो? ...असो. सकाळी ती पुन्हा बाहेर पडायची.

ग्रामसभेचा दिवस उजाडला. शाळेच्या वरच्या दालनात सभा, खाली तळघरात स्वयंपाक. दुपारचं जेवण दरवर्षी केंद्राचे म्हातारे-म्हाताऱ्याच रांधतात. काकवी घालून रात्रभर शिजवलेल्या बीन्स, हॅम, लोणचं, आणि फळं भरून भाजलेले गोड 'पाय' तर मोजू नयेत इतके. दरवर्षी जेवणाआधी बर्फ काढायच्या ट्रकवर भांडण जुंपतं. ट्रक नवा घ्यायचा की जुनाच ठोकायचा, यावर ईस्ट ऑर्मंडची माणसं दोन तास सहज काढतात. केंद्राचा विषय मग जेवणानंतर येतो, सगळे ॲप्रन सोडून वर येतात आणि हात वर करतात. असं वर्षानुवर्षं चाललेलं. कोणाला शंका येणार?

साडेदहाला मॅरेन वरच होती. बर्निसचा निरोप आला, हॅम कापायला हात कमी पडताहेत. "वर काय, ट्रकवर भांडत बसलेत ना? भांडू दे," बर्निस म्हणाली. "तू सुरी धर."

वर काय झालं ते असं. गावचे रस्ते सांभाळणारा माणूस उठून म्हणाला, "इंजिन मेलं." बस. कोणी भांडलंच नाही! ज्या ट्रकवर दोन तास जायचे तो दहा मिनिटांत मंजूर. सभापती व्हीलॉकही गडबडले, पण पत्रिकेवर पुढचा विषय होता केंद्राचा, तो वाचावाच लागला.

तळघरात डोक्यावर एकदम पावलं धडधडली. जिन्यावरून पहिली शेजारीण उतरली, तिनं मॅरेनकडे पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. "वाईट झालं हो विरंगुळ्याचं," ती म्हणाली. "थोडक्यात गेलं. तुम्ही सगळे होतात कुठे?"

सगळे तिथेच होते. ॲप्रन बांधून, पळ्या हातात घेऊन, ज्यांनी आत्ता त्यांना नाही म्हटलं होतं त्यांच्यासाठी ताटं लावत. त्या दिवसापुरता मुद्दाम व्हॅनमधून आणलेला ह्यूबर्ट कोपऱ्यात खुर्चीवर बसून पाव कापत होता. त्याचा हात थांबला. "बॉस्टन," तो एवढंच म्हणाला.

मॅरेन सुरीसकट जिना चढली.

"मॅरेन, सुरी खाली ठेव," सभापती व्हीलॉक म्हणाले. बो टाय लावलेला, नियमांवर जीव असलेला म्हातारा.

"मत पुन्हा घ्या!"

"घेता येतं. पण तू मागू शकत नाहीस. निकाल ज्यांच्या बाजूनं लागला त्यांच्यापैकीच कोणीतरी उठून मागायला हवं. विरोधात ज्यांनी हात वर केला त्यांच्यापैकी. आणि मी पुढचा विषय वाचायला घ्यायच्या आत. तो वाचला की हा वर्षभरासाठी संपला."

"पुढचा विषय कधी?"

"जेवण झाल्यावर." त्यांनी चष्मा पुसला. आवाज जरा खाली आला. "मी सावकाश जेवतो, पोरी. जा."

ती गेली. बीन्सच्या पातेल्यामागे उभी राहिली, आणि रांगेतल्या ज्यानं-ज्यानं विरोध केला होता त्याला ताटात वाढता वाढता विचारू लागली. "तुम्ही उठाल का? नंतर पुन्हा विरोधातच मत द्या, पण एकदा विचारायला तर उठा." एकानं मान खाली घातली. एक म्हणाला, बायको रागावेल. मिसेस फेननी तर, "माझं मत ठरलेलं आहे, बाई, आणि बीन्स थोड्या कमी वाढ," असं ऐकवलं. मॅरेननं कमी वाढल्या, आणि पुढच्याला विचारलं. आवाज एकदाही कापू दिला नाही.

रांगेच्या शेवटी लायल.

तिनं पळी भरली, त्याच्या ताटात रिकामी केली. मग पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली.

"सगळ्यांना विचारलंस," तो हळूच म्हणाला. "मला नाही."

"तुम्हाला शब्द पाळायचा होता. पाळलात ना?"

"पाळला. आयुष्यात हात इतका जड कधी झाला नव्हता." त्यानं ताट तसंच पुढे धरून ठेवलं. "विचार ना एकदा."

"नाही विचारणार."

"का?"

"कारण इतरांना मी केंद्रासाठी विचारलं." मॅरेननं नजर वळवली नाही. "तुम्हाला विचारलं तर त्यात माझं स्वतःचंही काहीतरी मागणं येईल. ह्यूबर्टच्या घराचा निर्णय त्यावर व्हायला नको. तुम्हाला उठायचं तर तुम्हाला जे पटलंय त्यासाठी उठा. नाहीतर जेवा. गार होतंय."

तो ताट घेऊन गेला. त्यानं घासही खाल्ला नाही, हे तिनं पाहिलं. मग तिनं ॲप्रनला हात पुसले आणि ओरडून सांगितलं, "सगळे वर चला! पातेली राहू द्यात! एकही माणूस खाली राहायचा नाही!"

व्हीलॉकनी हातोडी आपटली तेव्हा दालनाच्या मागच्या भिंतीशी ॲप्रनांची रांग उभी होती. ह्यूबर्टला दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. सभापतींनी पत्रिका हातात घेतली, चष्मा चढवला, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. आणि...

"सभापती महोदय!"

लायल उभा होता. "मी विरोधात हात वर केला होता. हा विषय पुन्हा मतास टाकावा, अशी माझी सूचना आहे."

मिसेस फेन ताडकन उठल्या. "लायल! शब्द दिला होतास!"

"माझ्याकडे बघून बोला," व्हीलॉक म्हणाले. "सभेत जे काही बोलायचं ते सभापतीला उद्देशून. एकमेकांना नाही."

"महोदय, शब्द दिला होता आणि मी तो पाळला, मिसेस फेन माझ्या शेजारीच होत्या. आता उठणं म्हणजे शब्द मोडणं असेल, तर मोडला म्हणा. मला समितीवरून काढा. पण चुकीची गोष्ट एकदा केली म्हणून वर्षभर करत राहायची, असा शब्द मी कोणालाच दिला नव्हता."

दालनात कुजबुज झाली. लायलचे कान लाल झाले होते, पण तो खाली बसला नाही.

"मी समितीत म्हणालो होतो, तिथे पत्ते कुटतात. कुटतात. बर्निस टॅट्रो मला दर गुरुवारी हरवतात, आणि त्या लबाडी करतात."

"अजिबात नाही!" भिंतीकडून आवाज आला.

"माझ्याकडे बघून, बर्निस."

"पण त्या डावाला एखादा आला नाही की लगेच त्याच्या घरी फोन जातो. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी असा फोन जातो, महोदय? आज सकाळी आपण ट्रकला पैसे दिले. दहा मिनिटांत. मीही दिले. का, तर रस्ता मोकळा हवा. पण ज्या घरापर्यंत रस्ता मोकळा करायचा त्या घरी कोणी जाणारच नसेल, तर बर्फ काढून उपयोग काय? मी त्या व्हॅनमध्ये पहिल्यांदा बसलो तो नाइलाजानं. नंतर बसलो ते मुद्दाम, कारण ती व्हॅन चालवणारी..."

"लायल, विषयाला धरून."

"विषयालाच धरून आहे, महोदय."

सगळं दालन हसलं. मॅरेननं ॲप्रनचं टोक मुठीत आवळलं.

"हा विषय पत्रिकेवर नाही," व्हीलॉक गंभीरपणे म्हणाले. "इतर कामकाजात घ्या. अगदी शेवटी. आता मत."

हात वर गेले. पिठाचे, काकवीचे, हॅमच्या वासाचे हात. ह्यूबर्टनं दोन्ही वर केले आणि सभापतींनी त्याला एक खाली घ्यायला लावला. पुढच्या रांगांतलेही काही हात चोरट्यासारखे वर आले. बायको रागावेल म्हणणाऱ्याचा आला, त्याच्या बायकोचाही आला. मोजणी झाली. पुन्हा झाली.

"मंजूर," व्हीलॉक म्हणाले.

बर्निसनं मॅरेनला अशी मिठी मारली की तिची हाडं वाजली. ह्यूबर्ट रुमालात नाक शिंकरत होता, आणि कोणी बघितलं की थंडीला शिव्या देत होता. मॅरेन रडली. आता वेळ होता.

दरवर्षी दुपारी तीननंतर सभा ओस पडते. धारा काढायच्या असतात, भट्ट्या बघायच्या असतात. स्मशानभूमीचं कुंपण आणि कुत्र्यांचे परवाने पाचदहा माणसांत मंजूर होतात. यंदा एकही माणूस उठला नाही. घरोघरी गाई हंबरत असतील, हंबरू देत! कुंपण मंजूर, कुत्री मंजूर, कोणी चकार शब्द काढला नाही.

"इतर कामकाज," व्हीलॉक म्हणाले. "कोणी आहे?"

सगळ्या माना एकदम वळल्या. लायल उठला.

"सभापती महोदय, आपल्यामार्फत मॅरेन लाबाउंटी यांना विचारायचंय, त्या अजून माझ्यावर रागावल्या आहेत का?"

मॅरेन भिंतीपासून पुढे आली. ॲप्रनवर बीन्सचा डाग, केस सुटलेले. "आपल्यामार्फत सांगते, महोदय. हो. पुष्कळ."

"राग कधी जाईल?"

"सांगता येत नाही. त्यांनी रोज येऊन विचारावं लागेल."

"रोज?"

"रोज. रविवारीसुद्धा."

"अनुमोदन!" बर्निस ओरडली.

लायल हसला नाही. तो पुढच्या रांगेतून बाहेर आला आणि मधल्या वाटेत उभा राहिला. "मॅरेन," तो म्हणाला.

"माझ्याकडे बघून, लायल."

"नाही, महोदय. माफ करा. हे तुमच्याकडे बघून नाही बोलता येणार." आणि तो तिच्याकडे वळला. साऱ्या गावासमोर, नियम मोडून. "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

व्हीलॉकनी हातोडी उचलली, मग ती हळूच खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"माझंही आहे," मॅरेन म्हणाली. शेवटच्या रांगेलासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.